प्रकल्प नोंदी: दिवाळी अंकांच्या सर्व्हरवरची साफसफाई

सदाशिव पेठ, पुणे. जुन्या दिवाळी अंकांची पानं स्कॅन करून ज्या सर्व्हरवर ठेवतो, त्याच्या या नोंदी. या नोंदींत कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

१६ जून २०२५, सोमवार

सकाळी स्कॅनिंग अडलं. जागा शिल्लक नाही असा संदेश, आणि डीएफ -एच मध्ये डिस्क १०० टक्के भरलेली. डीएफ -आय पण पाहिलं, कारण छोट्या छोट्या फाइली लाखांनी साठल्या की जागा असूनही आयनोड (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) संपतात आणि संदेश नेमका हाच येतो. आयनोड भरपूर आहेत. म्हणजे खरोखरच जागा संपली आहे.

डिस्क ४ टेराबाइटची. एक्स्ट४ फाइलसिस्टिम तयार होताना ५ टक्के जागा रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे सुमारे २०० जीबी. नुसता डेटा ठेवायच्या डिस्कला एवढं राखीव लागत नाही. ट्यून२एफएस -एम १ देऊन ते एक टक्क्यावर आणलं आणि दुपारपासून स्कॅनर पुन्हा चालू झाले. यावर फार दिवस निघणार नाहीत. ४०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलेलं सात बाय साडेनऊ इंचांचं पान सुमारे ३२ एमबी होतं. दोनशे पानांचा अंक साडेसहा जीबीच्या आसपास जातो. साफसफाई करावीच लागेल.

डीयू -एसएच लावून जागा कुठे गेली ते काढलं. मूळ टिफ सर्वांत जास्त. त्यानंतर टिफपासून बनवलेल्या जेपीजी आणि पीडीएफ, मग टेसरॅक्ट या प्रोग्रामने ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणं) करताना मागे सोडलेल्या तात्पुरत्या फाइली, थंबनेल, आणि 'जुने', 'नवीन जुने', 'नको असलेले' अशा नावांची फोल्डरं, ज्यांत काय आहे हे आज कोणीच सांगू शकत नाही.

पहिला नियम आजच ग्रंथपालबाईंशी बोलून ठरवला: मूळ टिफला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही. १९३०-४०च्या सुमाराच्या अंकांचा कागद लाकडी लगद्याचा; आम्लामुळे तो तपकिरी होऊन पापडासारखा तुटतो. काही पानांचे कोपरे स्कॅन करतानाच निखळले. हे अंक पुन्हा काचेवर ठेवता येणार नाहीत. जेपीजी पुन्हा बनवता येते, ओसीआर पुन्हा करता येतं. काय उडवायचं हे ठरवताना फाइलचा आकार नंतर बघायचा. ती परत तयार करता येईल का, हे आधी.

१७ जून, मंगळवार

बाईंनी विचारलं, "मूळ फाइली रीड-ओन्ली करून टाकल्या की झालं ना? मग त्या कोणाकडून उडणार नाहीत." प्रश्न रास्त आहे आणि उत्तर बहुतेकांना चकवतं, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

फाइल उडवणारी आरएम ही कमांड युनिक्समध्ये १९७१च्या पहिल्या मॅन्युअलपासून आहे. ती फाइलचा मजकूर पुसत नाही. डिरेक्टरी, म्हणजेच फोल्डर, ही नावांची यादी. प्रत्येक नावासमोर एका आयनोडचा क्रमांक. आरएम त्या यादीतून नाव काढते आणि आयनोडकडचा नावांचा आकडा एकने कमी करते. आकडा शून्यावर आला आणि ती फाइल कोणत्याही प्रोग्रामने उघडून ठेवलेली नसली, की मगच जागा मोकळी होते. बाईंना कार्ड कॅटलॉगवरून सांगितलं: ड्रॉवरमधलं कार्ड काढणं ही ड्रॉवरवरची क्रिया आहे, पुस्तकावरची नाही. पुस्तकावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावली तरी कार्ड निघतंच.

त्यामुळे फाइल उडवायची परवानगी फाइलवर ठरत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर ठरते. त्या डिरेक्टरीत लिहायची मुभा असेल तर रीड-ओन्ली फाइलसुद्धा जाते. आरएम फार तर एकदा विचारते, आणि -एफ दिलं की तेवढंही विचारत नाही. सर्वांना लिहिता येणाऱ्या /टीएमपी डिरेक्टरीला म्हणूनच स्टिकी बिट लावलेला असतो: तिथे ज्याची फाइल त्यानेच (किंवा रूटने) उडवायची.

आमच्याकडे 'मूळ' डिरेक्टरी सगळ्या स्वयंसेवकांना लिहिण्यासाठी खुली होती. ती आता वेगळ्या वापरकर्त्याच्या नावावर केली. इतरांना फक्त वाचता येतं. शिवाय तपासून पूर्ण झालेल्या वर्षांच्या डिरेक्टऱ्यांवर आतल्या सगळ्या फाइलींसकट चॅटर कमांडने +आय हा गुणधर्म लावला. यानंतर रूटलासुद्धा आरएम चालवल्यावर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' मिळतं. आधी -आय करून गुणधर्म काढावा लागतो. मला हे संरक्षण परवानग्यांपेक्षा जास्त आवडतं, कारण इथे उडवण्याआधी माणसाला मुद्दाम आणखी एक पाऊल टाकावं लागतं. सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं) टाइप करणं हाताच्या सवयीचं झालेलं असतं, चॅटर होत नाही.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज शहरात येणार, रस्ते बंद. घरूनच एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरचं टर्मिनल घरी उघडून, काम. अशा दिवशी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या असतात, एक घरच्या मशीनची आणि एक सर्व्हरची, आणि दोन्हींत तेच वापरकर्तानाव. म्हणून आज काहीही उडवायचं नाही असं ठरवलं आणि फक्त प्रॉम्प्ट (टर्मिनलवर कमांडच्या आधी दिसणारा मजकूर) बदलले. मूळ टिफ असलेल्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल, बॅकअप मशीनचा हिरवा, आणि दोन्हींवर मशीनचं नाव पूर्ण.

यामागचा धडा जगजाहीर आहे. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका अभियंत्याने डेटाबेसची डिरेक्टरी दुय्यम सर्व्हरवर उडवतोय असं समजून ती मुख्य सर्व्हरवर उडवली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. नेहमीच्या बॅकअपची जागा रिकामी निघाली. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर सगळं परत उभं केलं. मधल्या तासांतला डेटा गेला. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. नव्या स्वयंसेवकांना मी तो वृत्तांत वाचायला देते.

आपल्या बॅकअपची परीक्षा घ्यायची आहे. २ जुलै.

२३ जून, सोमवार

थंबनेलपासून सुरुवात. ती गेली तरी पहिल्यांदा पान उघडताना पुन्हा बनतात, त्यामुळे धोका शून्य.

आरएम *.जेपीजी चालवल्यावर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. यात आरएमचा दोष नाही. ताऱ्याचा अर्थ शेल (टाइप केलेली ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्राम) लावतं: सगळी नावं एका ओळीत पसरून मग ती ओळ आरएमला देतं, आणि त्या ओळीला लिनक्सवर मर्यादा असते, साधारणपणे २०,९७,१५२ बाइट, म्हणजे २ एमबी. इथे फाइली लाखाच्या वर. अशा वेळी फाइंड, फाइली शोधणारी कमांड.

फाइंडच्या बाबतीत मी एक पद्धत सक्तीची केली आहे. आधी ही ओळ:

फाइंड थंबनेल -टाइप एफ -नेम '*.जेपीजी' -एमटाइम +३० -प्रिंट

यादी डोळ्यांखालून घालायची, वरच्या-खालच्या शंभरेक ओळी आणि मधल्या काही. मगच बाणाची वरची कळ दाबून तीच ओळ परत आणायची आणि शेवटचं -प्रिंट खोडून तिथे -डिलीट लिहायचं. शेवटीच. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. -डिलीट जर -नेमच्या आधी आलं तर नाव बघण्याआधीच सगळं उडतं, अट मागे नुसती लिहिलेली राहते. अवतरणचिन्हंही हवीतच, नाहीतर तारा फाइंडपर्यंत पोचण्याआधीच शेल त्याचा अर्थ लावून मोकळं होतं. आणि -एमटाइम +३० म्हणजे 'तीस दिवसांपेक्षा जुन्या' असं वाटतं, पण दिवसाचा अपूर्ण भाग सोडून दिला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात किमान ३१ दिवस पूर्ण झालेल्या फाइलीच येतात. आपल्यासाठी ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

थंबनेल गेली. रिकामी झालेली उपफोल्डरं फाइंडनेच -टाइप डी -एम्प्टी देऊन काढली.

२४ जून, मंगळवार

आजचा दिवस नावांनी खाल्ला, आणि या प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते याच नोंदीत आहे.

सोप्या गोष्टी आधी. 'नवीन जुने' या फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे. अवतरणचिन्हांशिवाय आरएम -आर नवीन जुने लिहिलं तर 'नवीन' आणि 'जुने' अशी दोन वेगळी फोल्डरं उडतात, आणि आपल्याकडे 'जुने' नावाचं फोल्डर खरोखरच आहे. एका फाइलचं नाव वजाच्या चिन्हाने सुरू होतं, ते आरएमला पर्याय वाटतं. त्यासाठी आधी दोन वजाचिन्हं (--) लिहून मग नाव, किंवा नावाच्या आधी ./ लावायचं.

आता अवघड गोष्ट. फोल्डरमधली नावं दाखवणाऱ्या एलएस कमांडमध्ये 'अपुऱ्या प्रती' हे फोल्डर दोनदा दिसतं. अक्षर न् अक्षर तेच. एका डिरेक्टरीत एकाच नावाची दोन फोल्डरं असूच शकत नाहीत, म्हणजे नावं वेगळी आहेत, फक्त डोळ्यांना ती एकच दिसतात. एका स्वयंसेवकाने सुचवलं, डुप्लिकेट आहे, एक उडवून टाकू. थांबवलं.

गोम 'ऱ' मध्ये आहे. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतःचा एक क्रमांक आहे, आणि तेच अक्षर साधा 'र' अधिक खालचा नुक्ता असं दोन खुणांनीही लिहिता येतं. आमचे कीबोर्ड एकसंध 'ऱ' लिहितात. मात्र काही स्कॅन एका डीटीपीवाल्याच्या जुन्या मॅकवरून नेटवर्कने आले आहेत, आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावं साठवताना अशी अक्षरं सुटी करून ठेवते. लिनक्सला नाव म्हणजे नुसती बाइटची ओळ. त्याला ही दोन वेगळी नावं. एकसंध 'ऱ' तीन बाइटचा, सुटा सहाचा. 'पायऱ्या', 'किनाऱ्यावर', 'वाऱ्या', 'दुसऱ्या आवृत्तीची मुखपृष्ठं': मराठीत हे अक्षर पावलोपावली येतं, आणि सामान्यरूप झालं की हमखास. भर म्हणून तिसरी तऱ्हा: काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असं लिहितात. तेही स्क्रीनवर हुबेहूब तसंच.

परिणाम दोन प्रकारचा. कधी नाव टाइप करून आरएम द्यावं तर 'अशी फाइल नाही' म्हणतं, समोर दिसत असताना. तो त्रास झाला. दुसरा प्रकार धोक्याचा: डुप्लिकेट समजून उडवलेलं फोल्डर हे वेगळ्या पानांचं असतं. आज तसंच निघालं. एलएस -आय देऊन दोन्हींचे आयनोड क्रमांक घेतले. एकात नुसत्या तात्पुरत्या फाइली होत्या. दुसऱ्यात अशा मुखपृष्ठांचे टिफ, ज्यांची मूळ प्रत एका वाचकाने फक्त स्कॅनसाठी दिली होती आणि परत नेली होती.

आयनोड हाच इथे भरवशाचा पत्ता. फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनम आणि पुढे क्रमांक, शेवटी -एलएस. खात्री झाल्यावर त्याच क्रमांकावरून नाव बदललं. टिफ 'मूळ' मध्ये हलवले. तात्पुरत्या फाइली उडवून रिकामं राहिलेलं फोल्डर आरएमडिरने काढलं. फोल्डर रिकामं आहे असं वाटत असेल तेव्हा आरएम -आर कधीच वापरू नये, आरएमडिरच वापरावं. आत एकही फाइल असेल, लपलेलीसुद्धा, तर ती कमांड ठाम नकार देते. या सर्व्हरवर मॅकच्या .डीएस_स्टोअर फाइली जागोजागी पडल्या आहेत. त्या तारा लावून सापडत नाहीत, पण आरएमडिर त्यांच्यामुळे अडते आणि माणूस आत डोकावतो.

अजून एक: एक्स्ट४मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम ८५ खुणा. लांब शीर्षकांच्या फाइली अर्ध्यात तुटलेल्या नावांनी का साठल्या होत्या ते यावरून कळलं.

२६ जून, गुरुवार

दुरुस्तीसाठी वीज बंद, नेहमीचा गुरुवार. लॅपटॉपच्या बॅटरीवर जुन्या स्क्रिप्ट वाचल्या.

रोज रात्री चालणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये ही ओळ: आरएम -आरएफ $कॅश/*. $कॅश हा चल, म्हणजे ज्यात मूल्य भरलं जातं असं नाव; त्यात कॅश फोल्डरचा पाथ (पूर्ण पत्ता) एका सेटिंगच्या फाइलमधून येतो. ती फाइल वाचता आली नाही तर चल रिकामा, आणि ओळ होते आरएम -आरएफ /*, म्हणजे सिस्टिममधलं सगळंच उडवा. नुसत्या / ला (सगळ्या फोल्डरांच्या मुळाला) आजची जीएनयू आरएम नकार देते, पण इथे शेलने तारा आधीच पसरवून /होम, /ईटीसी अशी वेगवेगळी नावं हातात दिलेली असतात, त्यामुळे तो नकार कामी येत नाही. इतके दिवस सेटिंगची फाइल जागेवर होती, एवढंच.

आता ओळ अशी: चल महिरपी कंसात, त्याच्या नावानंतर :? हे चिन्ह, आणि सगळं अवतरणचिन्हांत. चल रिकामा असेल तर शेल तिथेच थांबतं, आरएमपर्यंत गोष्ट जातच नाही. स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट -यू (न ठरवलेला चल वापरला की थांबवणारी ओळ) पण घातलं.

२७ जून, शुक्रवार

ओसीआरच्या तात्पुरत्या फाइली उडवल्या, डीयू कमी झालं, डीएफ हललं नाही. एलएसओएफ +एल१ ने दाखवलं: ओसीआरची सेवा अजून चालू आहे आणि तिने मोठी लॉग फाइल उघडून ठेवलेली आहे. नाव गेलं, मजकूर तिथेच. सेवा बंद करून चालू केली, जागा सुटली.

३० जून, सोमवार

स्वयंसेवकांसाठी ट्रॅश-सीएलआय बसवलं. ट्रॅश-पुट दिलं की फाइल कचरापेटीत जाते, सोबत एका छोट्या फाइलमध्ये मूळ पाथ आणि उडवल्याची वेळ नोंदली जाते; ट्रॅश-लिस्टने दिसते, ट्रॅश-रिस्टोअरने परत येते. जागा मात्र पेटी रिकामी होईपर्यंत सुटत नाही. दर आठवड्याला ट्रॅश-एम्प्टी ३० चालेल, म्हणजे तीस दिवसांपेक्षा जुनं तेवढंच जाईल.

आरएम या नावालाच ट्रॅश-पुटचं उपनाव द्यावं, म्हणजे आरएम लिहिलं तरी ट्रॅश-पुटच चालावं, अशी मागणी आली. नाही म्हटलं. 'आरएम लिहिलं तरी फाइल परत मिळते' ही सवय हाताला लागली की तोच हात उद्या दुसऱ्या मशीनवर, जिथे उपनाव नाही, तिथे तितक्याच निर्धास्तपणे चालतो. प्रत्येक फाइलला विचारणारा छोटा (स्मॉल) -आय उपनाव म्हणून लावण्यालाही माझा याच कारणाने विरोध आहे. शिवाय दहा-बारा वेळा 'वाय' दाबल्यावर प्रश्न कोणी वाचत नाही. मोठा (कॅपिटल) -आय बरा: तीनपेक्षा जास्त फाइली असतील किंवा फोल्डर आतल्यासकट उडणार असेल तर एकदाच विचारतो. तो लिहायचा असेल त्याने दरवेळी हाताने लिहावा.

२ जुलै, बुधवार

बाईंचा प्रश्न: उडालेलं परत आणता येतं का? कॅमेऱ्याच्या कार्डावरून बऱ्याचदा येतं, कारण तिथल्या फॅट फाइलसिस्टिममध्ये नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलून नोंद मोकळी केली जाते. कार्ड लगेच बाजूला काढून ठेवलं आणि त्यावर काही लिहिलं नाही तर आशा असते. एक्स्ट४ मात्र उडवताना मजकूर कुठे ठेवला होता याची आयनोडमधली नोंदच साफ करते. फोटोरेक हा फाइली परत मिळवणारा प्रोग्राम मग डिस्कभर टिफची ओळखखूण शोधत फिरतं. सापडलं तरी नाव, वर्ष, पान क्रमांक काहीच नसतं. हजारो पानं बेनावी मिळाली तर ती कोणत्या अंकाची हे ठरवायला कोण बसणार? आणि एसएसडीवर ट्रिम (मोकळ्या झालेल्या जागा पुसायला सांगणारी क्रिया) चालून गेलं असेल तर तेही नाही.

म्हणून बॅकअपचीच परीक्षा घेतली. एका वर्षाचे सगळे अंक बॅकअपमधून रिकाम्या डिस्कवर उतरवले, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) मूळ टिफशी ताडून पाहिले. सगळे जुळले.

४ जुलै, शुक्रवार

मोठी सफाई. उडवायच्या फाइलींची यादी फाइंडने तयार करून दोन प्रती काढल्या: एक छापील, बाईंसाठी, आणि एक -प्रिंट० ची, ज्यात नावांच्या मध्ये शून्य बाइट असतो, म्हणजे मोकळ्या जागा किंवा नव्या ओळी नावात असल्या तरी घोटाळा होत नाही. बाईंनी छापील यादी पेन्सिल घेऊन वाचली आणि 'नको असलेले' मधल्या काही पीडीएफवर खूण केली: त्यांत जुन्या स्वयंसेवकांनी हाताने तपासलेलं ओसीआर आहे. मी त्यांना 'पुन्हा बनवता येतील' म्हणून यादीत धरलं होतं, कारण मशीनला त्या इतर पीडीएफसारख्याच दिसतात. ती तपासणी पुन्हा होणार नव्हती. त्या वगळून दुसरी यादी केली, बाईंनी तिच्यावर सही केली.

उडवताना फाइंड पुन्हा चालवलं नाही. मंजूर झालेलीच यादी एक्सआर्ग्ज -० मार्फत आरएमला दिली, म्हणजे मधल्या काळात आलेली एखादी नवी फाइल चुकून सापडायला नको. -व्ही लावून प्रत्येक नाव लॉगमध्ये घेतलं. सही केलेली यादी आणि लॉग दोन्ही 'मूळ' शेजारी ठेवले आहेत.

डिस्क ६१ टक्क्यांवर. स्कॅनर सोमवारपासून दोन्ही चालतील.

उरलेलं काम: सुटा 'ऱ' असलेली सगळी नावं एकसंध करणं. त्यासाठी कॉन्व्हएमव्ही वापरणार. ही कमांड आपणहून काहीही बदलत नाही. काय बदललं असतं एवढंच छापते, आणि --नोटेस्ट दिल्यावरच कामाला लागते. आरएम अशीच असती तर, असं या महिन्यात बरेचदा मनात आलं. जोडक असलेली तिसरी तऱ्हा मात्र कॉन्व्हएमव्हीला कळत नाही, ती नावं हाताने शोधावी लागतील. यादी पुढच्या आठवड्यात.